मदत हवी आहे: ७२च्या दुष्काळाची चित्रं कुठे पाहायला मिळतील?

कॉलेजच्या मुलांसमोर ‘दुष्काळ आणि चित्रकार’ या विषयावर तासभर बोलायचं आहे. १९४३च्या बंगालचा भाग तयार आहे. चित्तप्रसाद मेदिनीपूरमध्ये गावोगाव फिरले, समोर दिसलेली माणसं शाईत उतरवली; ‘हंग्री बेंगॉल’ ही त्यांची पुस्तिका इंग्रज सरकारने जप्त केली. पुढे ते मुंबईतच राहिले. झैनुल आबेदिनांनी साध्या, स्वस्त कागदावर काळ्या शाईचे जाडे फटकारे मारले. रस्त्यावर पडलेलं माणूस आणि शेजारी कावळा. सोमनाथ होरांची ‘वुंड्स’ ही चित्रं मात्र सत्तरच्या दशकातली, कागदाच्या लगद्यात उमटलेल्या पांढऱ्यावर पांढऱ्या जखमा. मला तर हीच जास्त बोचतात.

अडलंय ते आपल्या १९७२वर. दोन ग्रंथालयं आणि जुने दिवाळी अंक चाळले; कथा, कविता, फोटो सापडले, चित्रं नाहीत. मजुरांना खायला वाटलेली सुकडी, खडी फोडणाऱ्या बाया हे सगळं कुणीतरी तिथे बसून रेखाटलं असेलच ना?

फोटो आणि साहित्य नको. मुंबई, पुणे, कोल्हापूर, संभाजीनगरला स्वतः येऊ शकते. मूळ चित्र नसेल तर छापील प्रतही चालेल. त्या काळात दुष्काळी कामांवर जाऊन रेखाटनं करणारे मराठी चित्रकार कोण, आणि ती आज कुठे पाहता येतील?