दादर-अंधेरीत दिवसभर बसायला जागा: लोकांनी केलेली यादी की बुकिंग अ‍ॅप?

ठाणे_स्लो
सहा जणांची टीम, सगळे घरून काम करणारे. ठाणे, बोरिवली आणि वाशीहून प्रत्येकी दोघं. आठवड्यातून एक दिवस एकत्र बसायचंय. बुकिंग अ‍ॅपवर को-वर्किंगच्या (भाड्याने खुर्ची घेऊन काम करायच्या) जागा भरपूर, पण प्रत्येकीला 'हाय-स्पीड वायफाय' आणि साडेचार तारे. ग्रुपवर फिरणारी खुली शीट (लोकांनी भरलेली जागांची ऑनलाइन यादी) जास्त खरी वाटते, पण कुठली ओळ कधीची ते कळत नाही. कॉल दिवसभर असतात. कंपनी बंगळुरूत नोंदलेली आहे आणि जीएसटी बिल लागतं. भरवसा कशावर ठेवावा?

परळ_नाका
जागा यादीतून शोधा, खुर्च्या अ‍ॅपवरून किंवा थेट फोन करून धरा. अ‍ॅपवर करार केलेल्या जागाच दिसतात, त्यामुळे कमिशन न परवडणारी छोटी जागा तिथे सापडणारच नाही. उलट मंगळवारी सहा खुर्च्या रिकाम्या आहेत का, हे कुठलीही शीट सांगू शकत नाही. अभ्यासिका स्वस्त पडते, पण तिथे कॉल चालत नाहीत, तेव्हा तुमच्यासाठी ती बाद.

शीट वाचवायची असेल तर प्रत्येक ओळीला 'शेवटची खात्री' असा तारखेचा रकाना हवाच. सहा महिन्यांहून जुनी ओळ खाली ढकला, पुसू नका. जागा बंद झाली तर तसं लिहा, नाहीतर कोणीतरी ती पुन्हा भरतो. एडिट लिंक सगळ्यांना देऊ नका. एकाने सॉर्ट करताना एकच रकाना निवडला की दर एका जागेचा आणि पत्ता दुसरीचा होतो. माहिती फॉर्ममधून घ्या आणि दोघांनी तपासून चढवा. वायफायचा पासवर्ड आणि कोणाचा खासगी नंबर अजिबात नको.

वेगाचा आकडा अपलोडचा लिहा. एचडी कॉलला माणशी ३-४ एमबीपीएस धरा, म्हणजे सहा जणांना २५ तरी. मोजायचं ते सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास. रविवारच्या रिकाम्या हॉलमधला आकडा कामाचा नाही.

वर्सोवा_मेट्रो
शीटपेक्षा ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशावर भरा. २००४ पासून चालू आहे, डेटा खुला आहे आणि शीट करणारा कंटाळला तरी नोंद राहते. जागेला 'ऑफिस' टॅग (नोंदीवरची खूण), व्हॅल्यू 'कोवर्किंग'. वेळा, इंटरनेट आणि तपासल्याची तारीख यांना वेगळे टॅग आहेत. शोधायला ओव्हरपास टर्बो ही या नकाशातल्या नोंदी शोधायची वेबसाइट उघडा, नकाशा दादर ते अंधेरी एवढा ठेवा, तिथल्या 'विझार्ड' या शोधखिडकीत तोच टॅग टाकून चालवा. मुंबईत नोंदी विरळ आहेत, म्हणून आपणच भरायला हव्यात. दर मात्र तिथे टाकू नका, ते शीटमध्येच ठेवा. आणि गूगल मॅप्सवरून काहीही उतरवू नका, परवानगी नाही. स्वतः जाऊन पाहिलेलंच भरा.

सीएसएमटी_फास्ट
बिलाचं आधी बघा. जागाभाड्यावर १८ टक्के जीएसटी, आणि जागा मुंबईत म्हणून बिलावर महाराष्ट्राचा सीजीएसटी-एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा वाटा) लागतो. कंपनीची नोंदणी फक्त कर्नाटकात असेल तर त्याचं क्रेडिट, म्हणजे कंपनीच्या करातून वजावट, सहसा मिळत नाही. म्हणजे तुमच्यासाठी दर करासकटच धरायचा. ५०० ची खुर्ची ५९० ला. अ‍ॅपवरून घेतलं तर बिल अ‍ॅप देणार की जागेचा मालक, हेही पैसे भरण्याआधी विचारा.

परळ_नाका
ठिकाण दादरच ठेवा. ठाणे आणि बोरिवली थेट, वाशीकरांना कुर्ल्याला एक बदल. अंधेरी घेतलीत तर स्टेशनच्या कुठल्या बाजूला ते शीटमध्ये लिहा. पावसात सबवेत पाणी भरलं की पूर्व-पश्चिम गाडीने ओलांडताना लांबचा वळसा पडतो.

एक गोष्ट अ‍ॅप विचारत नाही: लाइट गेल्यावर काय काय चालू राहतं? 'पॉवर बॅकअप आहे' या उत्तरावर थांबू नका. बऱ्याच ठिकाणी राउटर यूपीएसवर असतो, पण फायबरचा डबा (बाहेरून येणारी इंटरनेटची तार ज्यात जोडतात तो) साध्या प्लगवर. मग फोनवर वायफायच्या कांड्या पूर्ण दिसतात आणि नेट शून्य. जागा बघायला गेलात की तो डबा दाखवायला सांगा आणि त्याची वायर कुठे जाते ते डोळ्यांनी बघा.