शॉर्टस्टॉपला सारखं बंटच मारायला लावतात, कावाईचं करिअर नीट कोणाला माहितीये का?

गंगापूररोडकर: माझा लहान भाऊ कॉलेजच्या बेसबॉल टीममधे शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फिल्डर) आहे, दोन नंबरला बॅटिंगला जातो आणि फर्स्ट बेसवर आपला रनर असला की सरांचा इशारा ठरलेला, बंट, म्हणजे बॅट न फिरवता बॉल हळूच पुढ्यात टाकायचा, स्वतः आउट झालो तरी रनर पुढच्या बेसवर जातो. आता म्हणतो मला कोणी बॅटर धरतच नाही, सोडतो मी. सरांनी त्याला जपानच्या मासाहिरो कावाईचं नाव सांगितलंय पण नेटवर जे सापडतं ते सगळं जपानीत. नुसतं बंट मारून माणूस एवढा टिकला कसा?

सिडकोवाला: कावाई म्हणजे माझा जीव की प्राण, त्यामुळे लांबलचक लिहितोय. ओकायामाचा पोरगा, शाळेत पिचर (बॉल टाकणारा) होता, १९८२ च्या ड्राफ्टमधे (टीम नवे खेळाडू निवडतात तेव्हा) योमिउरी जायंट्सनी घेतला आणि इनफिल्डर (बेसजवळचा फिल्डर) बनवला. आता विचार करा, जायंट्स म्हणजे तिथली सगळ्यात मोठी टीम, एकेक दादा बॅटर, तिथे हा अंगापिंडाने साधा माणूस जागा कशी मिळवणार? तर ग्लोव्हवर, म्हणजे फिल्डिंगवर. शॉर्टस्टॉपला ६ वेळा गोल्डन ग्लोव्ह (फिल्डिंगचा पुरस्कार) मिळालाय, हे लोक विसरतात आणि फक्त बंट बंट करतात. सॅक्रिफाइस बंट (स्वतः आउट होऊन रनरला पुढे नेणारे) एकूण ५३३, वर्ल्ड रेकॉर्ड, २००३ मधे अमेरिकेच्या एडी कॉलिन्सला मागे टाकलं. आणि भावाला हे नक्की सांग, १९९४ ला ह्याच माणसाचं बॅटिंग ॲव्हरेज .३०२ होतं, म्हणजे दहा संधींत तीन हिट, बेसबॉलमधे हे भारी धरतात.

देवळाली कॅम्प: कावाईबद्दल आदर आहेच पण भावाचं म्हणणं पण चूक नाही. एकही आउट नसताना रनर फर्स्टवर, आणि एक आउट होऊन रनर सेकंडवर, ह्यात सरासरी रन पहिल्या स्थितीतच जास्त निघतात, अमेरिकेत म्हणूनच बंट जवळजवळ बंद झालाय. शेवटच्या इनिंगला एकच रन हवा असेल तर ठीके, पण पहिल्या इनिंगपासून आउट फुकट कशाला द्यायचा? सरांशी बोला.

सिडकोवाला: @देवळाली कॅम्प हिशोब मान्य, पण तो सरासरीचा. समोर पिचर भारी असेल, डबल प्लेची (एकाच बॉलवर दोन आउट) भीती असेल तर गणित बदलतं ना. आणि सॅक्रिफाइस बंट ॲट-बॅटमधे (ॲव्हरेजसाठी मोजतात त्या संधींत) धरत नाहीत, त्यामुळे भावाचं ॲव्हरेज त्याने पडत नाही. अजून एक, २००३ ला कावाईने रिटायरमेंट जाहीर केली होती, जायंट्समधेच कोच होणार होता, पण मॅनेजर हारा गेले आणि ह्याने निर्णय फिरवला, चाळिशीला टेकलेला माणूस टेस्ट देऊन चुनिची ह्या दुसऱ्या टीममधे गेला आणि २००६ पर्यंत खेळला! त्या वयात कोणी उगाच घेतं का, भरवशाचा होता म्हणूनच घेतला.

पंचवटी ७: मी सॉफ्टबॉल खेळलेय म्हणून सांगते, बंट म्हणजे बॅट पुढे धरली आणि झालं असं नसतं. वरचा हात बॅटवर वर सरकवायचा, बोटं बॅटच्या मागे ठेवायची नाहीतर चेचतात, आणि बॉलला मारायचं नाही, बॅट किंचित मागे घेऊन बॉलचा जोर काढून टाकायचा. रनर फर्स्टवर असेल तर फर्स्ट बेसच्या बाजूला टाक, कारण तिथला फिल्डर रनरला रोखायला बेसवर अडकलेला असतो. रनर सेकंडवर असेल तर थर्डकडे, म्हणजे थर्ड बेसमनला बेस सोडून पुढे यावं लागतं.

गंगापूररोडकर: ताई हे भारीये, थर्डकडचं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सिडकोवाला दादा, .३०२ वाचून म्हणाला मग सरांना विचारतो मला एक आउट झाल्यावर तरी मोकळं खेळू द्या.

पंचवटी ७: विचारू दे की, बिनधास्त. पण आधी दोन्ही बाजूंना बंट पक्के करून दाखव म्हणावं.