झडती, धाड, छापा आणि ‘सोदा’

– परवा सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या गल्लीत एका घरी पोलीस आले. कट्ट्यावर कुणी म्हणालं धाड, कुणी छापा. शेजारच्या तेलुगू आजी म्हणाल्या, ‘सोदा’. फरक काय?

– आधी आजींचं. तेलुगूत सोदा म्हणजे झडती, मराठीत सोदा म्हणजे लुच्चा. दारात कुठल्या भाषेतला आलाय, ते कागद बघितल्याशिवाय कळत नाही!

धाड दरोडेखोरांची, टोळांची. ‘तुला काय धाड भरलीय’ यातही अरिष्टच. छापा म्हणजे गाफील गाठणं, मूळचा लढाईतला शब्द. दोन्हीत येणाऱ्याचा जोर तेवढा दिसतो. कायद्यातला शब्द झडती. झाडा, झाडाझडती ही त्याची भावंडं. आणि झडतीला अटी असतात. वॉरंट नसेल तर अधिकाऱ्यानं कारणं आधी लेखी नोंदवायची. घरच्या माणसाला हजर राहू द्यायचं, जप्त मुद्देमालाच्या यादीची प्रत द्यायची, बाईची अंगझडती बाईनंच घ्यायची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी कारवाईच्या नव्या कायद्यात, झडतीचं चित्रीकरणही सक्तीचं आहे. बातमीदार सर्रास ‘धाड’ लिहितात, मग या अटी कोण विचारणार?

– पंच मात्र दोघेही अनोळखी होते.

– पंच त्याच वस्तीतले, स्वतंत्र आणि प्रतिष्ठित हवेत. तिथलं कुणी मिळेना किंवा तयार होईना, तरच बाहेरचे. एरवी शब्द पाचाचा, कायद्याला दोन पुरतात. दर वेळी तेच दोघं सही करायला आले की लोक ‘हुकमी पंच’ म्हणतात.

– आमच्या सोलापुरात ‘हजेरी’ विसरू नका. इंग्रजांनी जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा केला, त्याखाली सेटलमेंटच्या म्हणजे सक्तीच्या वसाहतीच्या तारेआड ठेवलेल्यांना ती रोज द्यावी लागे.

– बरोबर. कायदा १९५२ मध्ये गेला, पण पाळतीची खोड राहिली. उत्तर प्रदेशात दरोड्याच्या संशयातून सुटलेल्या खडक सिंगच्या घरी पोलीस रात्री-अपरात्री जाऊन दार ठोठावायचे. १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते बेकायदा ठरवलं. खासगीपणाचा हक्क मात्र तेव्हा मानला नाही. तो २०१७ मध्ये, नऊ न्यायाधीशांनी मिळून मानला.

– त्याला पेपरात ‘गोपनीयता’ म्हणतात ना?

– मला तो शब्द खटकतो. गोपनीय म्हटलं की काहीतरी दडवलंय असं वाटतं. माझ्या कपाटात चादरी आणि आईची औषधं आहेत. त्यात गोपनीय काही नाही, खासगी मात्र सगळंच.

– आजींना विचारतो, तेलुगूत याला काय म्हणतात.