असईच्या लढाईचा देखावा मांडायचा आहे, सैनिकांवर पांढरी पूड आली आहे, मदत हवी

जालनाकर
नमस्कार मंडळी. २३ सप्टेंबर हा असईच्या लढाईचा दिवस, १८०३ साली इंग्रज आणि मराठ्यांत झाली ती. त्या आठवड्यात इथल्या वाचनालयात लढाईचा देखावा मांडायचं ठरलंय. सैनिक आहेत, पाट आहे, वरून काचेची पेटीही करून घेतली. उन्हाळ्यात पेटी आली तेव्हापासून सैनिक तिच्यातच उभे आहेत. काल झाकण उघडलं तर कित्येकांच्या पायांवर आणि घोड्यांच्या पोटाखाली पांढरी भुकटी! काही ठिकाणी रंगाचे पोपडे निघतायत. बुरशी आहे का? काय फवारायचं? आणि दिवे पेटीच्या आत लावावेत की बाहेर? लवकर सांगा, दिवस कमी उरलेत.

निनाद_७२
सैनिक कुठल्या मापाचे? प्लास्टिक की धातू? रंग तुम्ही दिलेत की आधीचे? पेटीची लांबी-रुंदी? फोटो टाकलात तर बरं होईल.

दिवे बाहेरच लावा. एलईडी असले तरी त्यांचा ड्रायव्हर तापतो, आणि बंद पेटीत ती ऊब आतच कोंडते.

किल्लेदार
वा, छान उपक्रम! आमच्या आळीत दरवर्षी दिवाळीचा किल्ला होतो. एक सल्ला देतो. विटा आणि पोत्यांवर चिखल थापा, वर अळीव पेरा. चार दिवसांत असं हिरवंगार होतं की विचारू नका. मातीचे मावळे बाजारात मिळतीलच. काचेची गरजच नाही, मोकळं असलं की मुलं जवळून बघतात.

जालनाकर
किल्लेदार, किल्ला नाही करायचाय हो. असईत किल्ल्याची लढाई झालेलीच नाही.
निनाद, सैनिक म्हणजे खेळण्यातले असतात तसे नेहमीचेच. माझ्या काकांचे होते, ते बरीच वर्षं इंग्लंडला होते. पण माझा प्रश्न पांढऱ्या पुडीचा आहे.

निनाद_७२
इंग्लंडहून आणलेले जुने सैनिक म्हणजे बहुधा शिशाचे. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागतात का? उंची किती?

जालनाकर
जड आहेत. पायापासून डोक्यापर्यंत साधारण दोन इंच. काहींच्या बुडाला इंग्रजीत कंपनीचं नाव आहे.

काचेआडून
मग बुरशीचं औषध अजिबात फवारू नका. मी एका संग्रहालयात वस्तूंच्या जतनाचं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ही बुरशी नव्हे, शिसं गंजतंय. लोखंडाला जसा तांबडा गंज चढतो तशी शिशावर पांढरी पूड येते. हवेत अ‍ॅसेटिक आम्लाची वाफ असली, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच आम्ल, की शिसं झपाट्याने खराब होतं. दमट हवेत वेग आणखी वाढतो. ही वाफ बहुतेक वेळा पेटीतूनच येते. तेव्हा आधी एवढं सांगा:

पेटीचा तळ कशाचा आहे? एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी), प्लायवूड की लाकूड? काचा कशाने चिकटवल्या? चिकटवताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येत होता का? आणि जमीन तयार करताना पांढरा गोंद किती वापरला?

जालनाकर
तळ एमडीएफचा, वर रंग मारलाय. काचा सिलिकॉनने बसवल्या. वास येत होता, अजूनही झाकण उघडलं की थोडा येतो. गोंद भरपूर, माती-वाळू सगळी त्यावरच बसवलीय. सुताराने फिनिशिंग मात्र सुरेख केलंय.

काचेआडून
म्हणजे तिन्ही वाटांनी आम्ल येतंय. एमडीएफमधून वाफ येत राहते, साध्या रंगाने ती पूर्ण थांबत नाही. आंबूस वासाचं सिलिकॉन सुकताना अ‍ॅसेटिक आम्लच सोडतं. पांढरा गोंद पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेटचा, तोही थोडं सोडतो. वर पेटी हवाबंद आणि पावसाळा.

आजच सैनिक बाहेर काढा. हातमोजे आणि मास्क घालूनच. ती पूड म्हणजे शिशाचा क्षार, विषारी असते. फुंकू नका, कोरड्या ब्रशने झाडू नका, लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका. डिस्टिल्ड पाण्यात जेमतेम ओला केलेला कापसाचा बोळा घेऊन पूड टिपायची आणि जागा लगेच कोरडी करायची. जिथे रंग सुटतोय तिथे हातच लावू नका. वापरलेले बोळे पिशवीत बांधून वेगळे ठेवा. मग सैनिक स्टीलच्या मोकळ्या मांडणीवर ठेवा. लाकडी कपाट नको, पुठ्ठ्याचा खोका किंवा वर्तमानपत्रही नको.

पॉलिशवाला
एवढं घाबरवू नका. पारदर्शक वार्निशचे दोन हात मारले की विषय संपला. माझ्या सगळ्या मॉडेलांना मी तेच करतो, ती एमडीएफवरच आहेत, काही झालेलं नाही.

काचेआडून
तुमची मॉडेलं शिशाची आहेत की प्लास्टिकची?

पॉलिशवाला
प्लास्टिक आणि रेझिन. पण पृष्ठभाग झाकला की झाकला, तत्त्व तेच.

काचेआडून
तत्त्व तेच नाही. प्लास्टिकला हा त्रास होतच नाही. आणि गंज सुरू झालेल्या शिशावर वार्निश मारलं तर गंज आतल्या आत चालू राहतो. पोकळ सैनिक असतील तर पाय आतून कुजून एक दिवस मोडतात. काकांची ठेव आहे, हा प्रयोग तिच्यावर नको.

तोफखाना
धागा पाहून फार आनंद झाला. असईवर कोणी काही करत नाही. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, त्याला उतारवयात कोणी विचारलं की रणांगणावर तुमची सर्वोत्तम कामगिरी कोणती, तर तो वॉटर्लू नाही, असई म्हणे. आणि आपल्याकडे जालन्याबाहेर कितीजणांना हे गाव नकाशावर दाखवता येईल?

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तुमच्या सैनिकांच्या डोक्यावर काय आहे? आणि देखाव्यात लढाईचा नेमका कुठला क्षण दाखवताय?

जालनाकर
डोक्यावर पांढरी गोल हेल्मेटं, लाल कोट, काहींना घागऱ्यासारखे स्कॉटिश कपडे. घोडेस्वारही आहेत. क्षण वगैरे ठरवलेला नाही, एका बाजूला इंग्रज आणि दुसऱ्या बाजूला मराठे. मराठे म्हणून पागोट्यावाले उभे केलेत.

तोफखाना
मग थांबा. ती पांढरी हेल्मेटं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली, झुलू युद्ध आणि अफगाण युद्धाच्या काळातली. १८०३ साली ती नव्हती. तेव्हा असईत ७४वी आणि ७८वी हायलँडर्स या स्कॉटिश पलटणी, १९वी लाइट ड्रॅगून्स हे घोडदळ आणि बाकी मोठा भाग मद्रासच्या देशी पलटणींचा होता. त्यांच्या हातात चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या बंदुका, नळीच्या तोंडातून भरायच्या. एका बाजूला फक्त गोरे उभे केलेत तर ईस्ट इंडिया कंपनीची फौजच चुकीची दिसेल. लढलेले बहुसंख्य आपल्याच देशाचे होते.

त्याहून महत्त्वाचं मराठ्यांच्या बाजूचं. ढाल-तलवारवाले दाखवू नका. वेलस्लीसमोर उभी होती ती शिंद्यांची कवायती फौज, कंपू. द बॉयन या युरोपीय सेनानीने घडवलेली, संगिनी लावलेल्या बंदुकांची, अँथनी पोलमन या हनोव्हरच्या माणसाच्या हुकमाखाली. सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणीही होत्या. शंभराच्या आसपास तोफा होत्या, आणि इंग्रजांचं सगळ्यात जास्त नुकसान त्या तोफांनी केलं. तोफा डागणारे कित्येक गोलंदाज मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रजी रांग पुढे गेल्यावर उठून तोफा फिरवून मागून डागू लागले. देखाव्यात हे दाखवलंत तर बघणारा जागचा हलणार नाही.

माणगंगा
जरा वेगळं बोलतो. आपण हरलो त्या लढाईचा देखावा वाचनालयात मांडायचाच कशाला? दाखवायचं असेल तर वडगाव दाखवा. १७७९ साली इंग्रजांना तिथे तह करायला लावला होता.

तोफखाना
माणगंगा, वडगाव जरूर करा, पण वेगळा करा. असई हरली म्हणून झाकायची का? इंग्रजांचे दीड हजारांहून जास्त लोक मेले-जखमी झाले, आपले त्याच्या कित्येक पट. त्यांची थडगी बांधली गेली नाहीत, नावं कुठे लिहिली गेली नाहीत. जालन्याच्या मुलांना आपल्याच शिवारात काय झालं ते कळायलाच हवं. याच लढाईनंतर २९ नोव्हेंबरला अडगाव, मग डिसेंबरात भोसल्यांशी देवगावचा आणि शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा तह. तीन महिन्यांत दख्खनचं चित्र पालटलं.

माणगंगा
दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले मैदानावर टिकले नाहीत, हेही लिहिणार ना मग?

तोफखाना
लिहायलाच हवं. पोलमनच्या पायदळाने आणि गोलंदाजांनी एकट्याने झुंज दिली, हेच तर असईचं दुःख आहे.

लेस्टरची_माहेरवाशीण
अवांतर. हेल्मेटवाले सैनिक असतील तर त्यांना अफगाण युद्धातल्या मैवंदच्या लढाईला का नेत नाही? २७ जुलै १८८०, कंदाहारजवळ. इंग्रजांची ६६वी पलटण होती आणि तिच्यासोबत बॉम्बे ग्रेनेडियर्स, जेकब्ज रायफल्स आणि बॉम्बे कॅव्हलरी. मुंबई इलाख्याशी थेट संबंध, आणि सैनिकही काळाला धरून होतील.

जालनाकर
मैवंद नको. असईच हवी, ठिकाण इथून तासाभरावर आहे आणि त्याच गावचे लोक बघायला येणार आहेत. हेल्मेट झाकता येईल का? वर पगडीचं कापड गुंडाळलं तर?

निनाद_७२
शिशाच्या जुन्या सैनिकांवर काही गुंडाळू नका, चिकटवू तर मुळीच नका. मूळ रंगातल्या सैनिकांची किंमत असते, आणि त्यापेक्षा ती काकांची आठवण आहे. ते वेगळे ठेवा. त्यांच्या जागी १/७२ मापाचे, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढे प्लास्टिक सैनिक घ्या. नेपोलियन काळातले इंग्रज पायदळ सहज मिळतं. लाल कोट, चकमकीची बंदूक, संगीन हे जुळतं, टोपीवर जाणकार वाद घालतील तेवढाच. माझ्याकडे रंगवलेली दोन-तीन खोकी आहेत, पाठवतो. तेवीस-चोवीस मिलिमीटरचा माणूस, पाटावर भरपूर मावतील.

पण अख्खी लढाई मांडायचा विचार सोडा. पोलमनची फळी साधारण मैलभर लांब होती. १/७२ मध्ये मैल म्हणजे बावीस मीटर! वाचनालयाची भिंत पुरणार नाही. एकच तुकडा निवडा.

तोफखाना
निनादशी सहमत, आणि तुकडा असा घ्या. बघणारा केळणा नदीच्या दक्षिण काठावर उभा आहे असं धरा. पाटाच्या कडेला केळणा, मागे दूर जुई नदी आणि तिच्या काठी असई गाव. डावीकडे पोलमनची फळी, उजवीकडे कंपनीची. पोलमन आधी दक्षिणेकडे तोंड करून उभा होता. वेलस्लीने पूर्वेकडे पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं नदीच्या आमनेसामने पाहिली, तिथे नदी ओलांडायला उतार असणारच असं ताडलं आणि बगलेवर आला. पोलमनने तोफांसकट सगळी फळी काटकोनात वळवून पूर्वेकडे तोंड केलं. कवायती फौजेलाच ते जमतं. असई गावाशी उजव्या टोकाची ७४वी पलटण भरकटून तोफांच्या तोंडी सापडली, तीच सगळ्यात जास्त मेली. मागचा कोपरा त्यासाठी राखा.

आणि जमीन पिवळी वाळू रंगवू नका, वाळवंट नाही ते. सप्टेंबरअखेर, काळी माती, हिरवं गवत, उभी बाजरी.

किल्लेदार
बघा, हिरवं म्हटलंत ना! अळीव पेराच.

काचेआडून
अळीव नको, ओलावा येईल. प्लास्टिक सैनिकांना चालेल, पण काकांचे सैनिक त्याच खोलीत असतील तर नाही.

जालनाकर, देखावा आठवडाभरच आहे ना? मग पेटीचा हट्ट सोडा. अ‍ॅक्रिलिकचं झाकण उपडं घाला, खाली चारी कोपऱ्यांना बोटभर उंचीचे आधार द्या म्हणजे हवा खेळती राहील. पाट टेबलाच्या उंचीवर आणि मागची बाजू थोडी उचललेली ठेवा, म्हणजे मुलांना असई गाव दिसेल. दिवा वरून तिरका, पाटाबाहेर.

काकांचे सैनिक मांडायचेच असतील तर वेगळ्या काचेच्या कपाटात, स्टीलच्या फळ्यांवर, कोणी हाताळणार नाही असे. खाली लिहा की हे १८०३चे नाहीत.

जालनाकर
सैनिक काढले, माडीवर स्टीलच्या मांडणीवर ठेवले. सात-आठांच्या पायाची पूड टिपल्यावर खाली खड्डे दिसतायत, ते तसेच ठेवले आहेत. एमडीएफची पेटी अंगणात. निनाद, खोकी पाठवा, पत्ता निरोपात देतो. तोफखाना, गोलंदाजांचा प्रसंग घेतो, पण पडलेल्या पोझमधले सैनिक या खोक्यांत असतात का?

निनाद_७२
मोजकेच असतात. उभे कापून गुडघ्यात वाकवता येतात, कसं ते लिहितो. फक्त पाटाला थर्माकोल असेल तर त्यावर डब्यातला स्प्रे रंग मारू नका, विरघळतो. कशाचा केलाय पाट?

वाटाड्या
जालनाकर, भोकरदनहून असईला जायचा रस्ता आता कसा आहे? दिवाळीत यायचा विचार आहे.