लागलेले, सुटलेले, परत लागलेले छंद

छंद कसा लागला हे सगळेच हौसेने सांगतात. तो सुटला कसा आणि परत आला असेल तर कुठल्या वाटेने, तेही लिहा. गोव्यातल्यांनी तर लिहाच.

म्हापसा
माझा नाद नाण्यांचा. आजी शेवटपर्यंत हिशेब तांग्यांत, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या जुन्या चलनात करायची, सोळा तांग्यांची एक रुपिया. पुढे पोर्तुगीजांचंच नवं चलन एस्कुदो आला, सहा एस्कुदोंना एक रुपिया. नाण्यांवर 1958, 1959 अशी सालं. 10 आणि 30 सेंतावची (शंभर सेंतावांचा एक एस्कुदो) कांस्याची, वरची तांबे-निकेलची. 1961 च्या डिसेंबरात पोर्तुगीज गेले, म्हणजे एस्कुदोला जेमतेम तीन वर्षं मिळाली. आजोबांच्या पेटीतली ही सगळी मी साल बघून लावून ठेवली होती.

मग एका दिवाळीत आईने देवाच्या भांड्यांबरोबर तीही आमसुलाने घासून लख्ख केली. तिला वाटलं, पोरगा खूश होईल! नाण्यावर चढलेला काळपट थर हाच त्याचा दागिना. व्यापाऱ्याने एकदाच अंगठा फिरवला आणि नाणी परत केली. पेटी माळ्यावर गेली.

नोकरी लागल्यावर एका शुक्रवारी बाजारात जुनी कुलपं, अडकित्ते विकणाऱ्याच्या गोणपाटावर 30 सेंताव दिसलं. हिरवंकाळं, कुणी हात न लावलेलं. घासाघीस करून घेतलं. आता आई माझ्या खोलीत आली की आधी विचारते, "काही पुसू नको ना?"

डिचोली
मी छंद सोडला नाही, स्टेशनंच उठून गेली. पडवीपासून माडापर्यंत तांब्याची तार ओढून रात्री रेडिओवर शॉर्टवेव्हची लांबलांबची स्टेशनं ऐकायचो. कुठलं स्टेशन, किती वाजता, आवाज किती स्वच्छ, याचा अहवाल पोस्टाने पाठवायचा. स्टेशन पोच म्हणून रंगीत कार्ड पाठवायचं. पावसाळ्यात वीज कडाडली की आधी तार काढायची, मग जेवायचं. 2012 मध्ये रेडिओ नेदरलँड्सने शॉर्टवेव्ह आवरली, 31 जानेवारी 2020 ला बीबीसी हिंदीचा रेडिओ संपला. आणि आता गावात एलईडी दिवे नि चार्जर इतकी खरखर करतात की ऐकायचं तर चोर्ल्याच्या घाटाकडे जावं लागतं. जातोही अधूनमधून.

मडगाव
शिंपले. आतलं मांस पुरतं निघालं नव्हतं. घराला वास. प्रकरण संपलं.

सत्तरी
आमचा नाद वर्षाला जेमतेम दोन आठवड्यांचा, चवथीच्या माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या फळापानांनी सजवलेल्या लाकडी चौकटीचा. नारळ, सुपारीचा घोस, तोरिंग (लिंबाच्या जातीचं मोठं फळ) हे बाजारातही मिळतं. खरी चढाओढ रानातल्या वस्तूंची. लालभडक कवंडळ उंच वेलीवर असतं. दिसायला देखणं, पण विषारी, म्हणून ते बांधताना पोरांना लांब ठेवायचं. कला आणि संस्कृती संचालनालयाची माटोळी स्पर्धा असते, त्यामुळे काहींना वस्तूंच्या संख्येचंच वेड लागतं. एका फळासाठी अख्खी वेल ओढून पाडणं मला पटत नाही. गुडघे गेल्यापासून झाडावर भाचा चढतो, मी खालून ओरडतो. चवथ सरली की वर्षभर रानाकडे फिरकत नाही, आणि श्रावण लागला की झोप लागत नाही.

वास्को
डिचोलीकर, कार्डं ज्या पाकिटांतून आली ती ठेवलीत का? तिकिटं मला हवीत. बदल्यात माझ्याकडे पोर्तुगीज इंडियाची जादा तिकिटं आहेत, काही शिक्का मारलेली. पाकिटावरून तिकीट उचकटू मात्र नका, कापून पाठवा.