समुद्रापार जिंकलेल्या प्रदेशांत कोर्तेस आणि पिझारो स्वतःच राजे का झाले नाहीत?

पश्चिमवारा (प्रश्न)

सोळाव्या शतकात स्पेनच्या नावाने अमेरिका खंडात जे विजय मिळवले गेले, त्यांत स्पेनच्या राजाचे सैन्य जवळजवळ कुठेच नव्हते. एर्नान कोर्तेसने १५१९ ते १५२१ या काळात मेक्सिकोतील आस्तेक राज्य घेतले ते स्वतःच्या आणि साथीदारांच्या पैशावर व आस्तेकांचे शेजारी शत्रू असलेल्या त्लाश्कालाच्या हजारो योद्ध्यांच्या बळावर. फ्रान्सिस्को पिझारोने १६ नोव्हेंबर १५३२ रोजी पेरूतील काहामार्का येथे इंका सम्राट आताहुआल्पा याला पकडले, तेव्हा त्याच्यासोबत जेमतेम १६८ माणसे होती आणि तीही पगारी नव्हती, लुटीतील वाट्यावर आलेली होती. पेरूतून स्पेनला पत्र जाऊन त्याचे उत्तर येईपर्यंत वर्ष सहज उलटत असे.

अशा परिस्थितीत या सरदारांनी आपापले स्वतंत्र राज्य का स्थापन केले नाही? राजनिष्ठा हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही, कारण हीच माणसे आपल्या वरिष्ठांना आणि भागीदारांना दगा देताना जराही कचरत नव्हती. कोर्तेस क्यूबाचा गव्हर्नर दिएगो वेलास्केस याचा हुकूम झुगारून निघाला होता. पिझारो आणि आल्माग्रो हे तर एकाच मोहिमेचे भागीदार, पण १५३८ मध्ये आल्माग्रोला देहदंड देण्यात आला आणि १५४१ मध्ये आल्माग्रोच्या पक्षाच्या लोकांनी लिमा येथे पिझारोच्या घरात शिरून त्याचा खून केला. मग राजाच्या बाबतीतच त्यांचा हात का आखडला?

जुनीसनद

आपण ज्याला दगा म्हणत आहात, त्याच घटनांमध्ये उत्तर दडलेले आहे असे माझे मत आहे. वेलास्केसचा हुकूम मोडल्यावर कोर्तेसने काय केले, ते पाहावे. किनाऱ्यावर उतरताच त्याने व्हेराक्रूझ हे नगर कागदोपत्री वसवले, आपल्याच माणसांतून त्याची नगरसभा नेमली, वेलास्केसने दिलेले अधिकार तिच्यासमोर सोडले आणि मग त्याच नगरसभेकडून राजाच्या नावाने सेनापती व मुख्य न्यायाधीश म्हणून स्वतःची नेमणूक करून घेतली. घरे उभी राहण्याआधी नगरसभा उभी राहिली, हे आज विनोदी वाटते, परंतु कास्तिलच्या, म्हणजे स्पेनमधील मुख्य राज्याच्या, परंपरेत नगरसभेला थेट राजाशी बोलण्याचा हक्क होता आणि वेलास्केसला ओलांडून जाण्याचा तोच एक कायदेशीर मार्ग होता. गव्हर्नरविरुद्धचे बंड राजाच्या आश्रयाने पचवता येत होते; राजाविरुद्धच्या बंडाला मात्र कोणाचाच आश्रय नव्हता.

याचे कारण असे की, मोहीम जरी खासगी पैशावर निघत असली, तरी तिच्या मुळाशी राजाने दिलेला करारनामा असे. १७ एप्रिल १४९२ रोजी सांता फे येथे कोलंबसाशी झालेला करार हा त्याचा सर्वांत प्रसिद्ध नमुना होय. पिझारोला असाच करारनामा १५२९ मध्ये तोलेदो येथे मिळाला. या कागदावरच गव्हर्नरपद आणि बिरुदे उभी होती, आणि जिंकलेल्या प्रदेशातील रहिवाशांचा कर व श्रम वसूल करण्याचा हक्क, म्हणजे एन्कोमिएन्दा, हीसुद्धा अखेर राजाच्या मान्यतेवरच टिकत असे. सोने वाटून संपते, पण एन्कोमिएन्दा दरवर्षी उत्पन्न देते. आपली एन्कोमिएन्दा शेजारच्या दुसऱ्या स्पॅनिश माणसाने बळकावू नये, यासाठी सर्वांच्या वर असलेला एक न्यायदाता प्रत्येकाला हवा होता. सेनापतीने स्वतःला राजा घोषित केले असते, तर त्याच्या पाठीराख्यांचे सगळे हक्क त्याच क्षणी निराधार झाले असते, आणि हे त्या पाठीराख्यांना चांगले ठाऊक होते.

राजसत्तेनेही फार काळ कोणाला स्थिरावू दिले नाही. कोलंबसाला व्हाइसरॉयपद आणि उत्पन्नाचा दहावा हिस्सा देण्याचे वचन होते. तरीही १५०० मध्ये राजाने पाठवलेला अधिकारी फ्रान्सिस्को दे बोबादिया याने त्याला सांतो दोमिंगो येथे कैद करून बेड्या घालून स्पेनला पाठवले. पुढे त्याच्या वारसांनी राजसत्तेवर खटले भरले आणि १५३६ च्या निवाड्यात त्यांना वेरागुआची ड्यूक ही पदवी, जमैकाची जहागीर, ॲडमिरल हे बिरुद आणि वार्षिक तनखा मिळाला, पण वंशपरंपरागत व्हाइसरॉयपद कायमचे गेले. कोर्तेसच्या वाट्याला हेच आले, फक्त अधिक सभ्यपणे. १५२२ मध्ये त्याला गव्हर्नर नेमण्यात आले, पाठोपाठ राजाचे चार खजिना अधिकारी येऊन बसले, १५२६ मध्ये त्याच्या कारभाराची चौकशी सुरू झाली, १५२९ मध्ये ओआहाका खोऱ्याचा मार्क्विस ही पदवी आणि २३,००० प्रजाजन त्याला देण्यात आले, मात्र शासनाची सूत्रे परत दिली नाहीत. १५३५ मध्ये आन्तोनिओ दे मेन्दोसा पहिला व्हाइसरॉय म्हणून मेक्सिकोत आला. कोर्तेसचे निधन १५४७ मध्ये सेव्हियाजवळ झाले, तोपर्यंत तो अत्यंत श्रीमंत आणि राजकारणातून पूर्णपणे बाजूला सारलेला गृहस्थ होता.

गलबतवाला

वरील विवेचन मेक्सिकोसाठी योग्य आहे, परंतु पेरूमध्ये हा प्रश्न खरोखरच तलवारीवर आला होता आणि त्याशिवाय ही चर्चा अपुरी राहील.

२० नोव्हेंबर १५४२ रोजी स्पेनचा राजा पाचवा चार्ल्स याने ‘नवे कायदे’ जारी केले. बार्तोलोमे दे लास कासास या धर्मोपदेशकाने आदिवासींवरील अत्याचारांविरुद्ध चालवलेल्या प्रयत्नांचा त्यात मोठा वाटा होता. पण विजेत्यांचा एक वंशपरंपरागत सरंजामदार वर्ग तयार होऊ नये, हा राजाचा स्वतःचा स्वार्थही त्यात होताच. या कायद्यांनुसार नव्या एन्कोमिएन्दा देणे बंद होणार होते आणि धारकाच्या मृत्यूनंतर जुन्या एन्कोमिएन्दा राजाकडे जमा होणार होत्या. मेक्सिकोत व्हाइसरॉय मेन्दोसा आणि त्यासाठी खास पाठवलेला अधिकारी या दोघांनी रागरंग ओळखून अंमलबजावणी स्थगित केली. ‘आज्ञा शिरसावंद्य, पण अंमल नाही’ असे सांगून हुकूम राजाकडे पुनर्विचारासाठी पाठवण्याची सोय त्या व्यवस्थेत होती. पेरूचा पहिला व्हाइसरॉय ब्लास्को नुन्येझ वेला याच्यापाशी तेवढे शहाणपण नव्हते. १५४४ मध्ये येताच त्याने कायदे अक्षरशः लागू करण्याचा हट्ट धरला, त्याच्या स्वतःच्या न्यायमंडळाने त्याला अटक केली, आणि फ्रान्सिस्को पिझारोचा भाऊ गोन्सालो याने पेरू ताब्यात घेतला. जानेवारी १५४६ मध्ये कीतोजवळील इन्याकितोच्या लढाईत व्हाइसरॉय मारला गेला.

आपण ज्या क्षणाविषयी विचारत आहात, तो हाच होता. गोन्सालोचा वृद्ध आणि क्रूर सेनानी फ्रान्सिस्को दे कार्वाहाल याने त्याला मुकुट धारण करून इंका राजघराण्यातील स्त्रीशी विवाह करण्याचा सल्ला दिला, असे बखरकार सांगतात. पोतोसीची (आजच्या बोलिव्हियातील) चांदी नुकतीच, १५४५ मध्ये, सापडली होती आणि पनामापर्यंतचे आरमार त्याच्या हाती होते. तरीही गोन्सालो राजाकडून गव्हर्नरपदाची मान्यता मिळेल याची वाट पाहत राहिला.

त्याच्याविरुद्ध स्पेनने पाठवले कोणाला, तर पेद्रो दे ला गास्का या धर्मगुरू आणि कायदेपंडिताला, आणि तेही सैन्याशिवाय. गास्काजवळ राजाच्या सहीचे कोरे कागद, माफी देण्याचा अधिकार आणि एक बातमी होती, ती म्हणजे एन्कोमिएन्दांचा वारसाहक्क काढून घेणारे कलम राजाने ऑक्टोबर १५४५ मध्येच मागे घेतले आहे. मग लढायचे तरी कशासाठी? पनामा येथील आरमाराचा प्रमुख पेद्रो दे इनोहोसा सगळ्या जहाजांसह गास्काला मिळाला. ऑक्टोबर १५४७ मध्ये उआरिना येथे गोन्सालोने एक मोठी लढाई जिंकली खरी, पण ९ एप्रिल १५४८ रोजी कुस्कोजवळ हाकिहाउआना येथे दोन्ही सैन्ये समोरासमोर येताच त्याची माणसे पलीकडे निघून जाऊ लागली. लढाई अशी झालीच नाही. दुसऱ्या दिवशी गोन्सालो आणि कार्वाहाल दोघांनाही मृत्युदंड देण्यात आला.

म्हणून माझे मत असे आहे की राजाने पेरू शस्त्राने जिंकले नाही, तर सवलत देऊन परत घेतले. नव्या कायद्यांतील धारदार कलम गेले, पण व्हाइसरॉय नेमण्याचा हक्क राहिला. हा सौदा दोन्ही पक्षांना परवडला. ज्यांना तो परवडला नाही ते लोपे दे आगिर्रेसारखे बंडखोर ॲमेझॉनच्या अरण्यातून भटकत, चार्ल्सनंतरचा राजा फिलिप दुसरा याला उद्धट पत्र लिहून, १५६१ मध्ये बार्किसिमेतो येथे स्वतःच्याच माणसांच्या गोळ्यांनी संपले.

अन्वयार्थी

दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, तथापि त्यांत सत्तेचा खेळ केवळ स्पॅनिश माणसांमध्येच चालला होता असे चित्र उभे राहते, आणि ते मला मान्य नाही. ज्यांच्या श्रमांवर हे भांडण चालले होते, ते लोक स्वस्थ बसलेले नव्हते.

त्लाश्कालाने स्वतःला पराभूत नव्हे तर मित्र मानले. तेथील सरदारांची शिष्टमंडळे समुद्र ओलांडून दरबारात गेली आणि १५३५ मध्ये त्यांच्या नगराला राजचिन्ह व निष्ठावंत नगराची पदवी मिळाली. कोर्तेसच्या साथीदारांपैकी कोणाच्याही जहागिरीत जाण्याऐवजी थेट राजाच्या अधीन राहणे त्यांना अधिक सोयीचे होते. पेरूमधील उदाहरण तर याहून बोलके आहे. १५५० च्या दशकात एन्कोमिएन्दाधारकांनी फिलिप दुसऱ्याला मोठी रक्कम देऊ करून आपले हक्क कायमचे करून मागितले. राजाची तिजोरी रिकामी होती आणि त्याला मोह पडला होता. त्या वेळी स्थानिक मुखियांनी, म्हणजे कुराकांनी, लास कासास आणि दोमिंगो दे सांतो तोमास यांच्यामार्फत असे कळवले की धारक जी रक्कम देतील तिच्यापेक्षा एक लाख दुकात (सोन्याची नाणी) आम्ही जास्त देऊ, पण हा हक्क त्यांना देऊ नये. तो शाश्वत हक्क अखेर दिला गेला नाही. राजाला निवडीचे स्वातंत्र्य देणारे हे लोक होते, आणि त्यांना वगळून राजसत्तेच्या चातुर्याची स्तुती करणे एकांगी ठरते.

दुसरी बाब साथीच्या रोगांची. देवी १५२० मध्ये मेक्सिकोत आली, त्यानंतर १५४५ आणि १५७६ मध्ये भयंकर साथी आल्या. कर देणारी माणसेच राहिली नाहीत, तेव्हा अनेक एन्कोमिएन्दांचे मोल आपोआप घसरले. जो सरंजामदार वर्ग राजाला आव्हान देऊ शकला असता, त्याचा पाया कायद्यापेक्षा मृत्यूने अधिक पोखरला.

पश्चिमवारा

सर्वांचे आभार. कुराकांच्या प्रस्तावाची माहिती माझ्यासाठी नवीन होती. यावरून आणखी एक शंका निर्माण होते. पहिल्या पिढीचे विजेते संपल्यानंतर तेथेच जन्मलेले धनाढ्य स्पॅनिश घराणे, किंवा स्पेनहून आलेला एखादा महत्त्वाकांक्षी व्हाइसरॉय, स्वतंत्र होऊ शकला नसता का? चांदी तर त्यांच्याच पायाखाली होती.

जुनीसनद

प्रयत्न झाल्याचा संशय एकदा आला. १५६६ मध्ये मेक्सिको शहरात कोर्तेसचा मुलगा, दुसरा मार्क्विस मार्तिन, याला राजा करण्याचा कट उघडकीस आल्याचे सांगण्यात आले; आविला बंधूंचा शिरच्छेद झाला आणि मार्क्विसला स्पेनला नेण्यात आले. त्या कटात कृती किती आणि भोजनप्रसंगीच्या बढाया किती, याविषयी मला शंका आहे, पण शिक्षा मात्र खरी होती.

व्हाइसरॉयच्या बाबतीत व्यवस्था अशी होती की कोणाच्याही हाती संपूर्ण सत्ता एकवटू नये. त्याच्या शेजारी न्यायमंडळ असे आणि ते त्याच्याविरुद्ध थेट स्पेनमधील इंडीज मंडळाकडे, म्हणजे अमेरिकेतील प्रदेशांचा कारभार पाहणाऱ्या मंडळाकडे, तक्रार करू शके. खजिन्याचे अधिकारी वेगळे होते आणि धर्मसत्तेतील नेमणुका राजाच्या हाती होत्या. पद सोडताना ‘रेसिदेन्सिया’ नावाची चौकशी होई, ज्यात कोणीही तक्रार मांडू शकत असे. १५७५ मध्ये तर व्हाइसरॉय, न्यायाधीश आणि त्यांच्या मुलांनी आपल्या अधिकारक्षेत्रात विवाह करू नये असा नियम झाला. तो मोडला गेलाच, कारण स्थानिक श्रीमंत घराण्यांना न्यायाधीश जावई हवा असे आणि न्यायाधीशांना हुंडा.

गलबतवाला

चांदीविषयी एक पुरवणी जोडतो. चांदी पायाखाली असली तरी ती खनिजातून वेगळी करायला पारा लागत असे. ही पद्धत १५५० च्या दशकात मेक्सिकोतील पाचुका येथे सुरू झाली आणि पुढे पोतोसीतही आली. पारा येई तो प्रामुख्याने स्पेनमधील आल्मादेन आणि पेरूतील उआनकाव्हेलिका येथून, आणि त्याच्या विक्रीवर राजाची मक्तेदारी होती. कोणत्या खाणमालकाने किती पारा नेला यावरून त्याने किती चांदी काढली असावी याचा अंदाज बांधता येई, आणि राजाचा पाचवा हिस्सा चुकवणाऱ्यावर नजर ठेवता येई. मजुरांसाठीही सरकारचाच आधार लागे; व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने १५७० च्या दशकात पोतोसीसाठी सुरू केलेल्या सक्तीच्या पाळीव्यवस्थेत दरवर्षी सुमारे १३,००० पुरुषांना खाणीकडे जावे लागत असे. राजाशी संबंध तोडणाऱ्या खाणमालकाला पारा आणि मजूर हे दोन्ही कोण देणार होते?

अन्वयार्थी

स्थानिक घराण्यांना बंडाची गरज फारशी उरली नाही, कारण पुढे त्यांना सत्ता विकतच मिळू लागली. युद्धखर्चाने टेकीला आलेल्या राजसत्तेने १६३३ पासून खजिन्याची पदे आणि १६८७ पासून न्यायमंडळातील जागाही पद्धतशीरपणे विकल्या. अठराव्या शतकात स्पेनच्या गादीवर आलेल्या बूर्बोन घराण्याच्या राजांनी ही विक्री थांबवली, स्पेनमध्ये जन्मलेल्यांना पुढे आणले आणि कर वाढवले, तेव्हा नाराजी सुरू झाली. तरीसुद्धा उघड फूट पडली ती १८०८ मध्ये नेपोलियनने फ्रान्समधील बायोन येथे स्पेनच्या राजाकडून सिंहासन काढून घेतल्यानंतरच. राजा नसेल तर सत्ता जनतेकडे परत येते, असा युक्तिवाद करून १८१० मध्ये काराकास, ब्वेनोस आयरेस, बोगोता आणि सांतियागो येथे नगरसभांच्या बैठकींतून शासनमंडळे स्थापन झाली, आणि त्यांपैकी बहुतेकांनी आरंभी शपथ घेतली ती कैदेत असलेल्या सातव्या फर्डिनांडच्याच नावाने.