चंदन तेल: १० मिलीला ३,२०० की किलोला १,७०,०००? पुण्यात कुठून घ्यावं?

साबणवाली_कोथरूड
दिवाळीसाठी चंदनाच्या साबणाच्या ५० वड्या करायच्या आहेत. १०० ग्रॅमच्या वडीत १ ग्रॅम, म्हणजे ५० ग्रॅम तेल लागेल. वडीवर ‘चंदन’ लिहायचं तर आत चंदनच हवं, कृत्रिम सुगंध घालणार नाही हे पक्कं.

तीन भाव मिळालेत. लक्ष्मी रोडवर १० मिलीची सीलबंद बाटली ३,२०० रुपये. रविवार पेठेत घाऊक १,७०,००० रुपये किलो, पण १०० ग्रॅमच्या खाली देत नाहीत. आणि ऑनलाइन एक जण ‘शुद्ध चंदन तेल’ २२,००० रुपये किलोने पाठवतो म्हणतोय. एवढा फरक कसा काय?

बोहरी_आळीजवळ
ताई, आधी भाव एका मापात आणा. किरकोळ मिलीत विकतात, घाऊक वजनावर. हे तेल पाण्याहून किंचित हलकं, १० मिली म्हणजे जेमतेम पावणेदहा ग्रॅम. म्हणजे लक्ष्मी रोडवर ग्रॅमला ३३० च्या आसपास पडतात, पेठेत १७०. दुप्पट दिसतं, पण मला ती लूट वाटत नाही. बाटली, सील, भाडं तर आहेच, शिवाय इतका महागडा माल महिनोन्महिने कपाटात पडून असतो.

२२,००० वाल्याचा मात्र हिशेबच बसत नाही. तेल निघतं खोडाच्या आणि मुळांच्या गाभ्यातून. उतारा शेकडा ५ धरला तर किलोभर तेलाला २० किलो गाभा लागतो. म्हणजे त्याला लाकूड ११०० रुपये किलोच्याही आत पडायला हवं, आणि भट्टीचा खर्च, नफा त्यातच. या भावात खरा गाभा कोण देतो? सहाणेवर उगाळायचं खोड विकत घ्यायला गेलात तरी कळेल.

‘कुठलं चंदन’ हेही विचारा. आपलं ते सॅन्टलम आल्बम. ऑस्ट्रेलियातलं स्पिकॅटम वेगळं आणि स्वस्त. पण आल्बमची लागवड आता तिकडेही होते, म्हणून नुसतं देशाचं नाव ऐकून ठरवू नका. ‘वेस्ट इंडियन चंदन’ म्हणाले तर ते अमायरिस, लिंबाच्या कुळातलं. चंदनाशी त्याचं नातं नाही.

पाषाणची_केमिस्ट
वरच्या हिशेबाशी सहमत. जीसी रिपोर्ट मागाच, म्हणजे तेलात कोणता घटक किती टक्के आहे ते दाखवणारा गॅस क्रोमॅटोग्राफीचा अहवाल. सॅन्टलॉल हा चंदन तेलातला मुख्य सुगंधी घटक. आयएसओ ३५१८ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे आल्बमच्या तेलात अल्फा सॅन्टलॉल ४१ ते ५५ टक्के आणि बीटा सॅन्टलॉल १६ ते २४ टक्के असायला हवं.

घरी करण्यासारखी एक चाचणी आहे: १ मिली तेल ७० टक्के अल्कोहोलच्या ५ मिलीत स्वच्छ विरघळायला हवं. गढूळ झालं तर एरंडेल किंवा खनिज तेलाची शंका घ्या. पण डीपीजी (डायप्रोपिलिन ग्लायकॉल, सुगंध पातळ करायला वापरतात तो जवळजवळ बिनवासाचा द्रव) मिसळलेलं तेल यात सहज पास होतं, त्यामुळे एवढ्यावर विसंबू नका. कनौजच्या एफएफडीसीत, म्हणजे सुगंध व सुरस विकास केंद्रात, नमुना तपासून मिळतो.

साबणवाली_कोथरूड
दोघांचे आभार! २२,००० वाल्याला नाही कळवलं. आता गंमत बघा, पाच बाटल्या १६,००० ला, त्याही ४९ ग्रॅमच. पेठेत १०० ग्रॅम १७,००० ला. मग पेठच बरी ना? उरलेलं तेल पुढच्या वर्षापर्यंत टिकेल का? रिपोर्ट दाखवला त्यांनी, पण दोन वर्षांपूर्वीचा आहे.

बोहरी_आळीजवळ
टिकेल की. चंदन तेल नीट ठेवलं तर वर्षानुवर्षं राहतं. गडद काचेच्या लहान बाटल्यांत गळ्यापर्यंत भरा, प्लास्टिक नको.

जुना रिपोर्ट मात्र चालवून घेऊ नका. डब्यावरचा बॅच नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर एकच हवा. तो नसेल तर आधी २ ग्रॅम नमुना विकत घ्या, तपासा, आणि त्याच डब्यातलं तेल तुमच्यासमोर काट्यावर मोजून घ्या. १७,००० त जीएसटी धरलाय का, तेही आधीच विचारा.